तिघी बोर्डावर

मला पहिली किळस आली ती खुर्ची ओढण्याच्या आवाजाची.

जेवणाच्या हॉलमागच्या खोलीत दुपारच्या चहानंतर तीन पत्तीचा डाव बसायचा. चंद्रकला काठी टेकत दारात दिसली की खुर्च्यांचे पाय फरशीवर खरखरायला लागायचे. प्रत्येकाला तिच्याच टेबलावर जागा हवी असायची. त्यात विजयाताई नगरकर सगळ्यांत चपळ. आयुष्यभर शाळेत मुख्याध्यापिका होत्या, जागा कशी धरायची ते त्यांना ठाऊक. हात पुढे करून आवाजात साय आणून म्हणायच्या, "या ना चंद्रकलाताई, इथे माझ्याजवळ बसा. तुमच्याशिवाय डावाला मजा नाही."

चंद्रकला खुलून बसायची. आपण सगळ्यांना हव्याहव्याशा झालोय असं तिला वाटायचं.

खरी गोष्ट अशी, की चंद्रकलाचा हात सैल सुटला होता. दुर्री, पंजी, नव्वी, कसलाही कचरा हातात आला तरी ती हसत चाल टाकायची. मग समोरच्याने तेवढेच बिल्ले टाकून शो मागायचा, तिची पानं उलटी व्हायची आणि मागणारा जिंकायचा. जिंकणाऱ्याचा गुणांक त्या संध्याकाळी वाढलेला दिसायचा. एखादी म्हैस आटायच्या आधी शेजारीपाजारी तांब्या घेऊन उभे राहतात, तशी ही मंडळी. आणि यांतल्या प्रत्येकाला सकाळच्या प्रार्थनेचे शब्द तोंडपाठ.

आमच्या वृद्धनिवासाचं खरं नाव मी लिहीत नाही. ते उच्चारलं की दाताला साखर चिकटते. सोलापूर सोडून पुण्याच्या रस्त्याला लागलं की डावीकडे जी पांढरी इमारत दिसते, तसल्या इमारती आता सगळीकडे झाल्यात. चंद्रकला आणि मी तिथे एकाच वर्षी आलो, शेजारशेजारच्या खोल्या मागून घेतल्या. ती विधवा, मुलगा उमेश बंगलोरला. मी लग्नच केलं नाही. माझ्या कागदांवर भाच्याचं नाव.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग ते टेबल आलं.

टेबलाचं नाव 'पारख'. ते आलं त्या दिवशी तन्वीने आम्हाला सगळं समजावून सांगितलं. तन्वी म्हणजे निवासाची समुपदेशक, तिशीतली, कायम फिक्या रंगाचा कुडता, आणि आम्हा सगळ्यांना सरसकट 'आज्जू' म्हणणारी. मी एकदा तिला सांगितलं, "बाई, मला वत्सलाताई म्हण, नाहीतर कोठावळे बाई म्हण." ती म्हणाली, "हो हो, आज्जू."

तिने सांगितलं ते मात्र ऐकण्यासारखं होतं, आणि मी नीट ऐकलं. माणूस नावं विसरायला लागतो त्याच्या कितीतरी आधी त्याचं तोलणं बिघडतं. कपाळामागे मेंदूचा जो भाग असतो तो सतत तराजू धरून बसलेला असतो: एवढं मिळेल, एवढं जाईल, करावं की सोडावं. त्या तराजूचा काटा हलायला लागला तरी माणूस गप्पा मारतो, पाढे म्हणतो, डॉक्टरांना आजची तारीख सांगतो. जुन्या चाचण्यांत तो पास होतो. पण त्याला पत्ते द्या. तीन पत्तीत दर फेऱ्याला हेच तोलावं लागतं. हातात काय आहे, समोरच्याकडे काय असेल, टाकावं की सोडावं. काटा कुठे अडकतो ते तिथे लगेच दिसतं.

टेबलाच्या हिरव्या कापडाखाली जाळी होती. तळहाताचा घाम, बोटांचा दाब, नाडी, सगळं तिला कळायचं. वरच्या दिव्यात डोळा होता, तो आमच्या बाहुल्यांकडे बघायचा. प्रत्येक पानात केसासारखी तार होती, त्यामुळे कुणाकडे काय आहे ते टेबलाला आधीच माहीत. खेळणाऱ्याची चाल त्याच्या पानांना शोभणारी होती की नाही, आणि डाव कुणी जिंकला, याचा हिशेब करून ते गुणांक द्यायचं.

"आणि खोटी चाल टाकली तर?" फडतरे साहेबांनी विचारलं. हे पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. "हातात काही नसताना समोरच्याला घाबरवायचं, तो तर खेळाचा भागच आहे."

"अगदी बरोबर, आज्जू! ते पारखला कळतं. चाल खोटी असली आणि समोरच्याने पानं टाकली, तर तो डावपेच. म्हणजे मेंदू छान चाललाय. समोरच्याने शो मागितला आणि पानं फालतू निघाली, तर तो आवेग."

म्हणजे जमलं तर हुशारी, फसलं तर वेड. मला हसू आलं. एवढ्या तारा घालून शेवटी माणसांसारखंच वागायला शिकवलं होतं त्याला.

मूळ संशोधनात म्हाताऱ्यांना यंत्राशी खेळवायचे. पण यंत्राशी खेळायला कुणी बसेना, म्हणून आम्हाला एकमेकांशी खेळवायला लागले. इथेच घाण झाली. माझा गुणांक वाढायचा तर माझ्यासमोर कुणीतरी चुकलं पाहिजे. आणि गुणांकावर मनगटातल्या पट्टीचा रंग ठरायचा, कायद्याने. हिरवी पट्टी म्हणजे तुम्ही तुमचे. फाटकातून बाहेर जा, अंगठा लावून पैसे काढा. पिवळी म्हणजे प्रत्येक गोष्टीला नातेवाइकाची परवानगी. आणि नारिंगी म्हणजे पारिजात.

पारिजात ही मागची इमारत. तिथल्या खोल्यांना आतून कडी नव्हती. मी एकदा एका ओळखीच्या बाईंना भेटायला, तन्वीची परवानगी काढून, आत गेले होते. त्या पूर्वी सोलापुरात वकिली करायच्या; त्यांच्या समोर उभं राहताना फौजदार टोपी सारखी करायचे. त्यांच्या गळ्याला लाळेरं बांधलं होतं. मांडीवर एक कापडी मांजर, कुरवाळलं की गुरगुरणारं. समोरच्या पडद्यावर नातू दिसत होता. "आजी, जेवलीस का?" असं तो विचारायचा, त्या मान हलवायच्या, आणि थोड्या वेळाने तोच नातू त्याच आवाजात परत विचारायचा, "आजी, जेवलीस का?" बाहेर येऊन मी नळाखाली तोंड धुतलं. फिनेल आणि उकडलेल्या बटाट्याचा तो वास माझ्या पदराला दोन धुण्यांनंतरही येत होता.

चंद्रकलाची पट्टी पिवळी होती.

*

ही तीच चंद्रकला, जिच्यासमोर आम्ही कधी चाल धरायला धजायचो नाही.

सोलापूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये आम्ही दोघी एकाच तुकडीत लागलो. आताच्या पोरांना सांगून कळत नाही. तेव्हा परगावी बोलायचं तर नंबर नोंदवून ताटकळत बसावं लागायचं, आणि ती लाइन आम्ही मुली हाताने जोडून द्यायचो. उंच बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, हातात दोऱ्या, कानाला हेडसेट. पुणं द्या, हैदराबाद द्या, अहो माझी आई आजारी आहे लवकर द्या. समोरची कळ खाली केली की आम्हाला बोलणं ऐकू यायचं, वर केली की बंद. आमच्यात एक रीत होती. ती कुठल्या पुस्तकात लिहिलेली नव्हती, मोठ्या मुलींनी आम्हाला शिकवली. दोन माणसं एकमेकांना "हॅलो" म्हणाली, की कळ वर करायची. लाइन लागली, आपलं काम झालं. पुढचं त्यांचं.

सुट्टीच्या खोलीत लोखंडी खाटांवर बसून आम्ही तीन पत्ती खेळायचो. बिस्किटाच्या डब्यात चिंचोके होते, तेच पैसे. चंद्रकला पानं छातीशी धरायची आणि टाकून द्यायची, टाकून द्यायची. कंजूष कुठली. पण तिने एकदा चाल टाकली की आम्ही निमूट पानं खाली ठेवायचो. आमची बोलीही वेगळी होती. तीन राजे आले की "साहेब आले, गप्प बसा." तीन राण्या आल्या की "तिघी बोर्डावर." कारण तीन मुली बोर्डावर बसल्या की सगळ्या लाइनी झरझर लागायच्या, कुणी ओरडायचं नाही. राजा राणीपेक्षा मोठा हे मान्य. पण हातात तिघी आल्या की चंद्रकलाचा चेहरा जसा उजळायचा तसा साहेबांनी कधी उजळला नाही.

आता तिचा हात असा सुटलेला बघून मी एकदा खोलीत तिला धरलं.

"चंद्रे, जरा हात आवर की गं."

"जन्मभर आवरलाच की. आता काय बरोबर न्यायचंय?"

"चेष्टा नको. तुला कळतंय ना, तिकडे मागे नेतील."

ती शेंगाचटणीची बाटली उघडत होती. झाकण फिरवायचं थांबली. "खरं सांगू वच्छे? पानं नाचतात. राणी म्हणून बघते, तोवर तिला मिशी फुटते." आणि ती खदाखदा हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नको."

"टाकून देत जा ना मग. प्रत्येक डाव."

"तन्वी म्हणते, सारखं टाकलं तर तेही लिहितात. टाळाटाळ म्हणे. गेलेच नाही खेळायला, तर गैरहजर." तिने चटणीत बोट बुडवून चाटलं. "थांब, मला सुचलंय काहीतरी."

दुसऱ्या दिवसापासून ती ब्लाइंड खेळायला लागली. पानं पालथी तशीच ठेवायची आणि न बघता बिल्ला टाकायचा. खेळात त्याला मुभाच आहे; उलट बघून खेळणाऱ्याला दुप्पट टाकावं लागतं. आणि पारख गोंधळलं! पानं बघितल्यावर माणसाची नाडी काय करते, बाहुली कशी हलते, यावर त्याचा सगळा डोलारा. हिने बघितलंच नाही, तर वाचणार काय? तिच्या नावापुढे रोज 'अनिर्णित' उमटायला लागलं.

"न बघता टाकलं की मी आणि तुम्ही सगळे सारखेच," ती मला म्हणाली. मला तिचा एवढा अभिमान वाटला, की मी त्या दिवशी फाटकाबाहेरच्या टपरीवरून तिच्यासाठी भजी आणली. सकाळ-संध्याकाळ त्या टपरीपर्यंत जाऊन, कुणाला न विचारता, उभ्याने चहा प्यायचा, एवढंच माझं राज्य उरलं होतं.

पंधरवडाभर चाललं. मग तांब्या रिकामा राहायला लागला म्हणून मंडळी अस्वस्थ झाली. विजयाताई आणि फडतरे साहेब तन्वीकडे गेले. "नियम सगळ्यांना सारखा हवा," विजयाताई म्हणाल्या. "आम्ही पानं बघून खेळतो, आमची परीक्षा होते. मग त्यांना सवलत का?" तन्वीने वर विचारलं. नियम आला: ब्लाइंड फक्त पहिल्या फेऱ्याला. नंतर पानं बघायचीच.

त्या दिवशी जेवताना विजयाताईंनी चंद्रकलाच्या ताटात स्वतःच्या हाताने लिंबाची फोड वाढली. मी माझं ताट बाजूला सारलं.

*

त्या गुरुवारी सकाळी तन्वी माझ्या खोलीत आली. काठावर बसावं तशी पलंगावर टेकली.

"आज्जू, तुम्ही चंद्रकला आज्जूंच्या सगळ्यांत जवळच्या ना? म्हणून सांगते. त्यांचा आकडा अगदी सीमेवर आलाय. पारिजातच्या तपासणीचा आज शेवटचा दिवस. आणखी एक आवेग नोंदला गेला, तर मग तिकडे. उमेशदादांची संमती आलीय. तुम्ही मनाची तयारी ठेवा, हं? त्यांना एकदम धक्का नको."

"आणि नाही नोंदला गेला तर?"

"तर ही फेरी टळेल. पुढची तपासणी सहा महिन्यांनी." तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "पण आपण वास्तव स्वीकारायला शिकू या ना."

ती गेल्यावर मी तो गुडघा पदराने पुसला.

दुपारी आम्ही चौघं बसलो. चंद्रकला, तिच्या डावीकडे फडतरे साहेब, मग मी, मग विजयाताई, म्हणजे विजयाताई पुन्हा चंद्रकलाच्या शेजारी. हवी ती जागा त्यांनी मिळवलीच होती. तन्वी खिडकीपाशी उभी, हातात टेबलाच्या नोंदी उमटणारी काचेची पाटी.

पहिला डाव साहेबांनी घेतला, चंद्रकलाने पानं टाकली होती. दुसऱ्यातही टाकली. माझा जीव जरा भांड्यात पडला. तिसऱ्या डावाला तिने पहिल्या फेऱ्यात ब्लाइंड टाकलं. मी माझी पानं उचलली.

इस्पिकची राणी. बदामची राणी. चौकटची राणी.

अशी पानं माझ्या हातात कधी आली होती ते आठवेना. साहेबांनी नाक मुरडून पानं टाकली. मी चाल टाकली, विजयाताईंनीही टाकली. आता चंद्रकलाला बघणं भाग होतं. तिने पानं उचलली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि देवाला म्हणत होते, टाक गं बाई, टाक.

तिचा चेहरा उजळला. तसाच, खाटेवर बसल्यावर उजळायचा तसा. तिने बिल्ल्यांची अख्खी चळत पुढे सरकवली आणि माझ्याकडे बघून पुटपुटली, "तिघी बोर्डावर, वच्छे."

बाकीच्यांना वाटलं, म्हातारी काहीतरी बरळतेय. मी मात्र माझी पानं पुन्हा मोजली. गड्डीत राण्या चार. तीन माझ्या हातात.

म्हणजे तिच्या हातात राण्या नव्हत्या. काहीतरी होतं, आणि ते तिला राण्या दिसत होतं. तिचा श्वास मी ऐकत होते. बोर्डावर बसून बसून आमचे कान श्वासावर जगलेले. पूर्वी खोटी चाल टाकताना तिचा श्वास घशापाशी अडायचा. आता अडला नाही. तिचा पूर्ण विश्वास होता.

माझी पाळी आली. मी घाईघाईने नुसती चाल धरली, पुढे काय ते सुचेपर्यंत. विजयाताईंनी माझ्याकडे बघितलं. "साइड शो," त्या म्हणाल्या. साइड शो म्हणजे शेजारच्याने आपली पानं गुपचूप दाखवायची. ज्याची कमी, त्याने उठायचं. चंद्रकलाला एकटं गाठायचं तर मधली मी त्यांना नको होते. त्यांनी माझी पानं बघितली आणि त्यांच्या नाकपुड्या फुगल्या. जोडी होती त्यांच्याकडे, सत्त्यांची. टाकावीच लागली. पण नाराजी क्षणभरच. मग त्या खुर्चीत मागे रेलून गोड हसल्या. शिकार आपल्या हातून गेली, पण बघायला तरी मिळणार होती.

चंद्रकलाने पुन्हा चळत सरकवली. "धर की वच्छे! की घाबरलीस?"

"धरा ना वत्सलाताई," विजयाताई म्हणाल्या. "शो मागा. एवढा विचार कसला?"

खरंच, विचार कसला? तीन राण्यांवर चाल धरायला शेंबड्या पोरालाही विचार करावा लागत नाही. मी शो मागायचा, ती हौसेने पानं उलटी करणार, आणि सगळ्यांना दिसणार, गुलाम असेल, पंजी असेल, काय असेल ते. दिव्यातला डोळा बघेल. तन्वी पाटीवर बोट टेकवेल. संध्याकाळी मागच्या इमारतीतून दोन मुलं चाकाची खुर्ची घेऊन येतील आणि बंगलोरहून उमेशचा आवाज पडद्यावर यायला लागेल. "आई, जेवलीस का?"

एक वेडी शंका मनात आली. समजा, खरंच तीन राजे असतील तर? साहेब आले असतील आणि तिला तिघी वाटत असतील? मग शो मागून मीच हरेन, ती सुटेल. असं होऊ शकतं. पण तिने गेल्या दोन महिन्यांत उलटी केलेली पानं मी बघितली होती.

पानं टाकली तर? तर तिची खोटी चाल डावपेच ठरेल. आणि मी? तीन राण्या टाकणाऱ्या बाईला टेबल काय म्हणेल ते सांगायला तन्वी नको होती. फाटक, टपरी, उभ्याने प्यायचा चहा. माझ्या हाताला घाम आला होता आणि ते कापड तो चाटत होतं. मला त्या कापडाची, त्या दिव्याची, समोरच्या त्या रेलून बसलेल्या हसण्याची शिसारी आली. साठ वर्षांपूर्वी आम्ही पोरी होतो, अर्ध्या जिल्ह्याची भांडणं, लफडी, मरणं आमच्या कानांवरून जायची. आम्ही कळ वर करायचो. आणि ही शिकलेली, पेन्शनीतली माणसं, एका बाईचा मेंदू विझताना बघायला खुर्च्या ओढत होती.

मी पानं पालथी खाली ठेवली.

"पॅक."

"काय?" विजयाताई खुर्चीतून उठल्याच. "अहो, तीन राण्या होत्या तुमच्याकडे! मी बघितल्यात!"

टेबल किणकिणलं. चंद्रकलाच्या बाजूचा दिवा हिरवा झाला. तन्वीच्या पाटीवर 'डावपेच' उमटला असणार, कारण तिच्या भुवया वर गेल्या.

"बघ तर खरं, काय होतं माझ्याकडे," चंद्रकला म्हणाली आणि पानं उलटी करायला लागली.

मी पुढे वाकून तिच्या पानांवर पंजा मारला. "चंद्रे! पॅक झाल्यावर पानं उघडायची नाहीत. एक्स्चेंजची रीत."

"हो गं," ती जीभ चावून म्हणाली. "विसरलेच."

माझ्या पंजाखालचं एक पान अर्धं वाकलं होतं. जरा मान कलती केली असती तर दिसलं असतं. मी तिन्ही पानं तशीच गड्डीत सारली आणि पिसून टाकली.

*

"आज्जू, का टाकलीत पानं?"

तन्वीने मला तिच्या केबिनमध्ये बसवलं होतं. टेबलावर पाटी, पाटीवर एक रेघ माझ्या आवाजाबरोबर नाचत होती. खोटं बोललं की ती थरथरते म्हणे.

मी आयुष्यात हजारो लोकांना, सुपरवायझर चहाला गेलेली असताना, हैदराबादची लाइन मोकळी असताना, सांगितलं होतं: "लाइन व्यस्त आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा." त्याच आवाजात मी म्हणाले, "गुलाम वाटले मला."

रेघ सरळ राहिली.

"तिन्ही?"

"दोन तरी. मिशा दिसल्या."

"पण विजया आज्जूंनी साइड शोला सांगितलं ना, तुमची पानं मोठी म्हणून?"

"त्यांना सत्त्यांची जोडी होती. गुलामही मोठेच की त्याहून."

तिचा चेहरा विरघळला. तिने उठून माझ्या गालाला हात लावला, लहान मुलाच्या लावतात तसा. "असं कधीपासून होतंय?" बोटांना हँड क्रीमचा गुलाबी वास. मी हलले नाही. मनगटावर पट्टी जराशी थरथरली आणि पिवळी झाली.

"काळजी करू नका हं. आपण सगळे आहोत. आणि चंद्रकला आज्जूंचं मात्र आज फारच छान झालं! उमेशदादांना कळवते."

संध्याकाळी आम्ही दोघी फाटकापर्यंत गेलो. सवयीने मी मनगट पुढे केलं. फाटक हललं नाही. पहारेकरी शरमून म्हणाला, "आजी, भाचेसाहेबांचा निरोप यायला लागेल आता." पलीकडे टपरीवाल्याने मला बघून ग्लास विसळायला घेतला होता. मी हात हलवून नको म्हटलं.

परत फिरताना चंद्रकला माझ्या दंडाला धरून चालत होती. "वच्छे, मघाशी तिघी होत्या ना माझ्याकडे?"

"होत्या."

"मग तू बरी टाकलीस. नाहीतर हरली असतीस." थोडं चालून ती थांबली. तिने माझ्या मनगटाकडे बघितलं, मग स्वतःच्या. दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या. तिला कळलं की नाही, मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहानंतर मी त्या खोलीच्या दारात पाऊल टाकलं आणि आतून आवाज आला.

खर्रर्र. खर्रर्र. फडतरे साहेब आपली खुर्ची उचलण्याच्या भानगडीत न पडता सरळ ओढत होते. विजयाताई त्यांच्या पुढे पोचल्या होत्या. हात पुढे, मान तिरपी, आवाजात साय.

"या ना वत्सलाताई, इथे माझ्याजवळ बसा. तुमच्याशिवाय डावाला मजा नाही."

मी बसले. पानं वाटली गेली. सगळ्यांचे डोळे माझ्या बोटांवर, वरच्या दिव्याचाही. मी पानांना हात लावला नाही. ती पालथीच राहू दिली आणि बिल्ला पुढे टाकला.

"ब्लाइंड."

समोरून चंद्रकला हसली. तिनेही आपली पानं तशीच ठेवली.

"पहिला फेरा तरी आपला, वच्छे," ती म्हणाली, आणि तिचा बिल्ला माझ्या बिल्ल्याला येऊन टेकला.